‘फक्त चव घेतली’ याचा हिशेब



बिअरवर लेख? तोही या पानावर? असे म्हणून लगेच पान बंद करू नका. आपल्या घरात बाटली येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बाटलीच्या आधी एक शब्द घरात येऊन बसला आहे आणि त्याच्याकडे आपले लक्ष नाही. तो शब्द म्हणजे ‘टेस्टिंग’. ‘आई, आम्ही प्यायला नव्हतो गेलो, टेस्टिंगला गेलो होतो.’ ‘वहिनी, तो बार नव्हे हो, तिथे क्राफ्ट बिअर बनवतात, सहा प्रकार चाखून बघायचे असतात.’ ‘काकू, ही कला आहे, शिकावी लागते.’ गेल्या वर्षभरात ही वाक्ये मी तीन वेगवेगळ्या घरांत ऐकली. तिन्ही घरांत पाणी गाळून भरतात, तिन्ही घरांतल्या सासूबाई दशलक्षणात एकाशन करतात. आणि तिन्ही घरांत हे वाक्य ऐकून मोठ्यांनी मान डोलावली. कला म्हटल्यावर बोलणार काय?

मला आज भांडायचे आहे ते या शब्दाशी. माणसांशी नाही.

भांडण्याआधी समोरच्याची बाजू नीट समजून घ्यावी, असे आमचे वडील म्हणत. म्हणून मी माझ्या भाचीला विचारले. ती फूड टेक्नॉलॉजी शिकलेली, पुण्यात नोकरी करते, आणि या विषयातले तिला कळते. पुणे हे या प्रकारातले जुने गाव. 2009 साली तिथे ‘डूलाली’ सुरू झाली, ती देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रूअरींपैकी एक. भाचीने मला न लाजता सगळे समजावून सांगितले आणि परीक्षकांची गुणपत्रिकाही दाखवली. मी कॉमर्सची. गुणपत्रिका दिसली की मी आधी बेरीज करते.

अमेरिकेत 1985 साली बिअरच्या परीक्षकांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी एक संस्था निघाली. तिच्या पद्धतीत एका बिअरला 50 गुण. वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडात ती जड लागते की हलकी, मऊ की टोचरी याला 5, आणि एकूण परिणामाला 10. बेरीज बरोबर आहे. 45 किंवा त्यापुढे गेली तर अप्रतिम, 13 किंवा त्याखाली राहिली तर सदोष. 2008 पासून तिकडे ‘सिसेरोन’ नावाची दुसरी परीक्षाही आहे, तिच्या चार पायऱ्या आहेत. त्याआधी, 1977 साली, मायकेल जॅक्सन नावाच्या इंग्रज लेखकाने जगातल्या बिअरचे प्रकार लावून एक मोठे पुस्तक लिहिले. नाचणारा मायकेल जॅक्सन नव्हे, हा वेगळा. आणि 1970 च्या दशकात मॉर्टेन मेलगार्ड या शास्त्रज्ञाने बिअरच्या चवींचे एक चक्र तयार केले, म्हणजे कोणत्या वासाला सगळ्यांनी एकच नाव द्यायचे ते ठरवले.

परीक्षकाला दोष ओळखता यावे लागतात. लोण्यासारखा वास आला तर डायअ‍ॅसिटिल राहिले. उकडलेल्या मक्यासारखा आला तर उकळताना चुकले. कच्च्या हिरव्या सफरचंदासारखा आला तर आंबण्याची क्रिया अर्धवट राहिली, ते अ‍ॅसिटाल्डिहाइड. ओल्या पुठ्ठ्यासारखा आला तर हवा लागून बिअर शिळी झाली. बाटलीला ऊन लागले तर आणखी वेगळाच घाण वास.

हे सगळे ऐकून मी भाचीला म्हटले, ‘अगं, हे खरेच कौशल्य आहे.’ आणि मी ते मनापासून म्हटले. ज्या बाईने आयुष्यभर तूप कढवले आहे तिला हे कळते. बेरी तांबूस झाली की वास बदलतो, तो एक क्षण चुकला तर तूप करपते. मोहरी फेसताना नाकात झणका कधी बसला, पापडाच्या पिठात खार जास्त झाला का, ताक आंबट आहे की उतरले आहे, हे आपण गुणपत्रिकेशिवाय सांगतो. तेव्हा नाक आणि जीभ तयार करणे ही विद्या नाही, असे मी म्हणणार नाही. विद्या आहे. पण विद्या आहे म्हणून ती माझ्या व्रतात बसते, हे कुठून आले? कुलूप न मोडता उघडणे हीसुद्धा विद्याच आहे.

आता एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, ‘चव घेणे म्हणजे पिणे नव्हे’. वाइनचे परीक्षक घोट तोंडात फिरवून थुंकून टाकतात. बिअरचे परीक्षक साधारणपणे गिळतात. कडवटपणा शेवटी घशाशी कळतो, म्हणून गिळल्याशिवाय निकाल देता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे या विद्येत गिळणे हा अभ्यासाचाच भाग. आणि आपली मुले तर परीक्षकही नाहीत. त्यांच्यापुढे लाकडी फळीवर सहा छोटे ग्लास येतात, त्याला ‘फ्लाइट’ म्हणतात. एकेक ग्लास 100 मिलीचा धरा. बिअरमध्ये मद्यार्क 6 टक्के धरा, क्राफ्ट बिअरला हे काही जास्त नाही. सहाशे मिलीचे 6 टक्के म्हणजे 36 मिली शुद्ध मद्यार्क. वजनात सुमारे 28 ग्रॅम. साध्या 5 टक्क्यांच्या 330 मिलीच्या छोट्या बाटलीत सुमारे 13 ग्रॅम असतो. म्हणजे ‘फक्त चव’ घेणाऱ्याने दोन छोट्या बाटल्यांपेक्षा जास्त रिचवली. आपल्याकडे डॉक्टर 10 ग्रॅमला एक पेय धरतात. त्या मोजणीने ही जवळजवळ तीन पेये झाली. ग्लास छोटे केले म्हणून बेरीज छोटी होत नाही. किराणा दुकानदार सहा पुड्यांत साखर बांधून देतो तेव्हा आपण वजन विचारतोच ना?

कायद्याला तरी हा फरक मान्य आहे का? नाही. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याने पिण्यासाठी परवाना लागतो आणि बिअरसाठी वय 21 पूर्ण असावे लागते. ‘मी पीत नाही, चाखतो’ अशा माणसासाठी वेगळे कलम मी तरी ऐकलेले नाही. चाखणारा घरी गाडी चालवत निघाला तर पोलिसाचे यंत्र त्याला कलाकार म्हणून सोडत नाही.

दुसरा मुद्दा, ‘क्राफ्ट म्हणजे शुद्ध. कारखान्यातली नव्हे, हातची, नैसर्गिक’. हा शब्द आपल्या बायकांना फार भुलवतो, कारण घरचे ते चांगले हे आपल्या हाडात आहे. मग हातची कशी बनते ते बघू या. जव, म्हणजे आपले सातू, भिजवून त्यांना मोड आणतात. मोड आले की गरम हवेने वाळवून ते अंकुर मारतात. त्याला माल्ट म्हणतात. मोड आलेले धान्य आपल्यातल्या अनेक घरांत वर्ज्य असते, चातुर्मासात तर हमखास. पुढे ते भरडून गरम पाण्यात ठेवतात, गोडसर पाणी निघते, ते हॉप्स नावाच्या कडू फुलांबरोबर तासभर उकळतात, गार करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट म्हणजे पावडर नव्हे, जिवंत एकपेशी बुरशी. दर मिलिलिटरला साधारण एक कोटी पेशी, हे सुरुवातीचे प्रमाण. मग त्या त्या साखरेवर वाढतात, एकाच्या अनेक होतात, आणि त्यांच्या वाढण्यातून मद्यार्क तयार होतो. काम झाले की तळाला बसलेला थर काढतात, काही पुढच्या खेपेला वापरतात, उरलेला टाकतात. फ्रान्सचे लुई पाश्चर यांनी 1876 मध्ये बिअरवर अख्खा ग्रंथ लिहून आंबण्याची क्रिया जिवंत पेशींची आहे हे मांडले आणि 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हॅन्सन यांनी शुद्ध यीस्ट वेगळे काढून वाढवले. त्यानंतर यात जीव आहे की नाही हा वादच उरला नाही.

आपल्या आचार्यांनी मद्याला रसात उपजणाऱ्या असंख्य जीवांचे उत्पत्तिस्थान म्हटले, ते सूक्ष्मदर्शक येण्याच्या कितीतरी शतके आधी. आचार्यांना यीस्ट दिसले होते असा दावा मी करणार नाही, उगाच विज्ञानाची झूल पांघरण्याची आपल्या धर्माला गरज नाही. मी एवढेच म्हणते की ज्या घरात पाणी दुहेरी कापडातून गाळतात आणि गाळण्यावरची जिवाणी पुन्हा विहिरीत सोडतात, त्या घरातला मुलगा ज्या पेल्यावर ‘अनफिल्टर्ड’ म्हणजे न गाळलेली असे मोठेपणाने छापलेले असते तो पेला उचलतो. जर्मनीत गव्हाची एक बिअर असते, तिच्या नावातच यीस्ट हा शब्द आहे. ती पेल्यात ओतताना शेवटी बाटली हलवतात, तळाचा गढूळ थर पेल्यात यावा म्हणून. गढूळपणा हा तिचा गुण. गाळणे हा आपला धर्म. या दोन्हींचा मेळ कोणत्या कलेने घालायचा?

आणि जिथे बिअर नितळ हवी असते तिथे काय करतात तेही ऐका. इंग्लंडमध्ये 1971 पासून पारंपरिक एलच्या रक्षणासाठी एक मोठी चळवळ आहे. पिंपात पुन्हा आंबणारी, न गाळलेली, यंत्राने वायू न भरलेली ती खरी एल, असा तिचा आग्रह. आपली परंपरा जपणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण त्या पिंपातले यीस्ट लवकर तळाला बसावे म्हणून जे पिढ्यान्‌पिढ्या घालतात त्याचे नाव आयसिंग्लास. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. सगळे घालत नाहीत, आता पुष्कळांनी सोडले आहे, पण पेल्याकडे बघून ते कळत नाही. क्राफ्टवाल्यांच्या प्रकारांत ‘ऑयस्टर स्टाउट’ आहे, तिच्यात काही जण खरोखर कालवे घालतात. मध घालून केलेल्या बिअरही आहेत. मद्य, मांस आणि मधु. समंतभद्र आचार्यांनी श्रावकाच्या मूलगुणांत हेच तीन त्याग सांगितले, आणि इथे ते तिन्ही मकार एकाच फळीवर ओळीने मांडलेले. आपण पाठशाळेत मुलांकडून अष्टमूलगुण घोकून घेतो. घोकून घेतलेल्याचा अर्थ सांगायला मात्र विसरतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात हुशार. तो माझ्या भाचीचाच. ‘मावशी, इडली-ढोकळाही आंबवलेलाच ना? दह्यात जंतू नाहीत?’ प्रश्न खरा आहे, टोलवू नये. त्याची दोन उत्तरे आहेत. एक, आपल्या आचारात आंबण्याला सरसकट सूट कधीच नव्हती. दह्याला मर्यादा आहे, पिठाला मर्यादा आहे, लोणच्याला मर्यादा आहे. चव चळली की पदार्थ अभक्ष्य. म्हणूनच कडक पाळणारे खमिराची जिलबी आणि पाव खात नाहीत. आपण इडली खातो ती शिथिलता असेल, तर शिथिलता म्हणू या. पण एक शिथिलता दाखवून दुसरी पदरात पाडून घेणे हा काही न्याय नव्हे. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचे. आपल्याकडे हिंसेची व्याख्या नुसती जीव मोजून होत नाही. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी प्रमाद हे हिंसेचे मूळ धरले आहे. इडली खाऊन कोणी प्रमादी होत नाही. मद्याचे कामच मुळी सावधपणा ढिला करणे हे आहे. ज्या एका गोष्टीने विवेक टिकतो तीच ते आधी काढून घेते. पुरुषार्थसिद्ध्युपायात अमृतचंद्राचार्यांनी ही साखळी सरळ मांडली आहे. मन मोहित झाले की धर्माचा विसर पडतो, आणि विसर पडलेला माणूस हिंसा करताना कचरत नाही. ही भीती पोथीतली नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांनी ग्रामसभेत आणि मतदानात ‘आडवी बाटली’ला मत देऊन दुकाने बंद केली, चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायका 2010 साली दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेल्या, त्या काही यीस्टच्या पेशी मोजून नव्हे. त्यांनी प्रमाद स्वतःच्या घरात, स्वतःच्या पाठीवर पाहिला होता. आपण तो अजून पाहिला नाही म्हणून आपल्याला तो कला वाटतो.

चौथा मुद्दा खास बायकांसाठी तयार केलेला आहे. ‘बिअर हा मूळचा बायकांचाच वारसा. पूर्वी बायकाच बनवायच्या.’ इतिहास खरा आहे. सुमेरियन लोकांत बिअरची देवी होती, तिचे नाव निंकासी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घरोघरच्या बायका एल करत आणि उरलेली विकत. पुढे धंदा मोठा झाला, पैसा दिसला, तसा तो पुरुषांच्या हातात गेला. आपल्या देशातही झारखंड-ओडिशाच्या आदिवासी बायका भाताची हंडिया करतात आणि आठवडी बाजारात विकून घर चालवतात. त्यांच्यावर माझी एका शब्दाचीही टीका नाही, त्यांचा आचार वेगळा, त्यांची गरज वेगळी. पण तो वारसा माझा कसा झाला? माझ्या आज्जीच्या पणजीपासूनचा वारसा आहे गाळण्याचा आणि सोडण्याचा. बायकांचा वारसा म्हणून मला कोणी काही विकायला आले की मी आधी विकणारा कोण ते बघते.

तसेच ‘इंडिया पेल एल’चे. नावात इंडिया आहे म्हणून आपल्या मुलांना त्याचे कौतुक. ती बिअर लंडनहून आणि पुढे बर्टनहून जहाजात घालून इकडे पाठवत, ती कंपनी सरकारच्या गोऱ्या साहेबांसाठी. लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स भरपूर. त्यातल्या ‘इंडिया’चा आपल्याशी संबंध एवढाच की ती इथे उतरवली जायची.

पाचवा मुद्दा, ‘थोडीशी तब्येतीला चांगली’. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितले की आरोग्याला सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. त्यांच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 सालीच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले आहे, आणि बायकांच्या स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध आहे. यात बिअर, वाइन, महाग, स्वस्त, हातची, कारखान्याची असा भेद नाही, कारण मद्यार्क एकच. आणखी एक गंमत सांगते. वर ते हिरव्या सफरचंदाच्या वासाचे अ‍ॅसिटाल्डिहाइड आले ना, ते पेल्यात सापडले तर परीक्षक गुण कापतात. पण 50 पैकी 50 मिळवलेली बिअर पोटात गेली तरी आपले यकृत मद्यार्कापासून आधी तेच अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार करते. पेल्यातला दोष मोजणारी गुणपत्रिका आहे, शरीरातल्या दोषाला रकानाच नाही. जमेची बाजू लिहिली आणि नावेची कोरी ठेवली, तर तो ताळेबंद आम्हाला कॉलेजात कोणी पास केला नसता.

आता कोणी विचारेल, मग जैनांना चवीचे वावडेच आहे का? मुळीच नाही. चवीचा अभ्यास आपल्याइतका कोणी केला नसेल, फक्त उलट्या बाजूने केला. बाह्य तपांत रसपरित्याग आहे. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ, यांतला एकेक रस ठरवून सोडायचा. ज्या बाईने एक दिवस अळणी जेवण जेवले आहे तिला दुधीची खरी चव माहीत आहे, तांदळाचा स्वतःचा गोडवा माहीत आहे. ती तिला मिठाने कधीच कळली नसती. आणि मुनींच्या आहारासाठी चौका लावतो तेव्हा आपण एक थेंबही चाखत नाही. वासावर, रंगावर, हाताच्या अंदाजावर मीठ बरोबर पडते. चाखल्याशिवाय चव कळणे, ही आपल्या बायकांची परीक्षा. तिचे प्रमाणपत्र कोणी देत नाही एवढेच. मुलांना कला हवी असेल तर ही शिकवू या.

इथपर्यंत वाचून ज्या खुश झाल्या असतील त्यांनी आता जरा सावरून बसावे, कारण पुढचे आपल्यासाठी आहे.

हा शब्द घरात शिरला तो आपण दार उघडले म्हणून. एका लग्नाचे सांगते, नाव कोणाचेच घेणार नाही. हिरवळीच्या एका टोकाला ‘जैन फूड’ची पाटी, बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी, आल्याऐवजी सुंठ. दुसऱ्या टोकाला पडद्याआड नळांची रांग आणि ‘टेस्टिंग काउंटर’. यजमानांना कोणी काही विचारले नाही. आम्ही बायका पहिल्या टोकाला बसून ‘व्यवस्था छान आहे हो’ म्हणत होतो. जमिनीखालच्या बटाट्याला आपण जेवढे घाबरतो तेवढे नळातल्या मद्याला घाबरत नाही. कंद सोडणे चांगलेच आहे, मीही सोडले आहेत. पण मूलगुण सोडून कंदमुळाचा आग्रह म्हणजे पाया न घालता कळस बसवणे.

आणि दुसरे. मुलगा चाखून आला तर ‘ऑफिसचे वातावरणच तसे आहे, काय करणार’. सून चाखून आली तर ‘माहेरचे संस्कार’. हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे, आणि बोलणाऱ्या बायकाच होत्या. जो पेला मुलाच्या हातात नोकरीचा भाग आणि सुनेच्या हातात कलंक, तो पेला मोजणारा तराजूच खोटा. श्रावकाचे व्रत आणि श्राविकेचे व्रत वेगळे लिहिलेले नाही. बोलायचे तर दोघांना बोला. मुलाला बोलायची हिंमत नसेल तर सुनेलाही बोलू नका.

मद्यार्क काढून टाकलेल्या बिअरबद्दल बऱ्याच जणी विचारतात. पूर्ण 0.0 असो की 0.5 टक्क्यांची. तिला मी मद्य म्हणणार नाही, खोटे कशाला बोलू. पण पुष्कळदा ती आधी तशीच आंबवतात आणि मग मद्यार्क काढतात. तिचे कौतुक करताना ‘अगदी खऱ्या बिअरसारखी’ असेच म्हणतात. ज्याची सवय लावायचीच नाही त्याच्या नकलेची सवय घरात कशाला? माझ्या घरात ती येत नाही. तुमच्या घरातले तुम्ही ठरवा, पण विचार करून ठरवा, पोरांनी टेबलावर ठेवली म्हणून नव्हे.

मग करायचे काय? लग्न ठरवताना हॉल आणि जेवणाच्या आधी हे बोलून घ्या. आपल्या पैशाने नळ लागणार नाही, एवढे एक वाक्य पुरे. दुसऱ्या बाजूचे नाराज झाले तर होऊ देत, बटाट्यासाठी आपण त्यांना नाराज करतोच. शब्दाला शब्द म्हणा. ‘टेस्टिंगला गेला होता’ असे पोरगा म्हणाला तर शांतपणे विचारा, ‘किती प्यायलास?’ ओरडू नका. खरे उत्तर मिळणे महत्त्वाचे, कारण ज्या घरात खरे सांगता येत नाही त्या घरातली मुले मग सांगतच नाहीत. आणि रात्री उशिरा कोणी चाखून घरी आले तर दार उघडा. व्रत आपले आहे, दार सगळ्यांचे आहे. फक्त एवढे कळले पाहिजे की गाडीची किल्ली आईकडे राहील.

माझ्या भाचीने शेवटी मला विचारले, ‘मावशी, मग मी ही विद्या शिकले ते चुकलेच का?’ मी तिला म्हटले, ‘तुझे नाक इतके तयार झाले आहे, त्याने तेलातला खवट वास, दुधातली भेसळ, मसाल्यातली शिळी मिरची ओळख. देशाला त्याची जास्त गरज आहे. आणि पेला उचलायचा की नाही हे मी ठरवणार नाही, तू ठरव. पण उचललास तर चाखला म्हणू नकोस. प्यायले म्हण.’ ती हसली नाही, रागावलीही नाही. ‘हे मात्र खरे आहे’, एवढेच म्हणाली. मला तेवढे पुरे आहे.

तुमच्याही घरात हा शब्द आला असेल तर आजच त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. माझ्या बोलण्याने कोणाचे मन दुखले असेल तर त्या दुखण्याची मनापासून क्षमा मागते. मत तेच राहील.

जय जिनेंद्र!